हात खाली

डब्यात एकशे सव्वीस कार्डे आहेत. चौऱ्याऐंशी बाजारातून पाकिटांनी आणलेली, बेचाळीस घरी केलेली. घरच्या कार्डांपैकी एकतिसांच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आहे, म्हणजे ती चाचणीत पास झाली. दहांवर लाल ठिपका आहे, म्हणजे ती नापास. उरले एक. त्याच्यावर हिरवा ठिपकाही आहे आणि लालही. मित्रांनो, ते जुने कार्ड म्हणजे मी.

माझा जन्म भोपाळमध्ये, बाग सेवनियातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. मुळात मी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा. संपदा तेव्हा दहावीत होती. तिने स्टीलची पट्टी धरून मला कापले, अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर लांब आणि त्रेसष्ट रुंद. तिचे बाबा, रवींद्र, कारखान्याच्या चाचणी विभागात होते. त्यांनी आपल्या स्क्रू गेजमध्ये मला हलकेच धरले आणि वाचले, "पॉइंट फोर वन. लिही." माझी जाडी ०.४१ मिलिमीटर. मग मला पाठीमागून काळे असलेले प्लास्टिकचे कव्हर मिळाले. सगळी कार्डे मागून सारखी दिसली पाहिजेत, नाहीतर खेळच उरत नाही.

खेळ सोपा आहे. दोघांनी खेळायचे. प्रत्येकाकडे वीस प्राण आणि हातात पाच कार्डे. प्रत्येक फेरीला थोडे बळ मिळते आणि ते खर्चून एकेक कार्ड खेळायचे. ज्याचे प्राण आधी संपतील तो हरला. बाजारातली कार्डे मारतात, अडवतात, लपवतात. संपदाला मात्र आजवर कुणी केले नाही असे कार्ड हवे होते. त्या संध्याकाळी वीज गेली होती आणि बापलेक अंधारात आपापली कार्डे छातीशी धरून बसले होते. वीज आली तेव्हा गडबडीत दोघांनीही एकमेकांची कार्डे पाहिली आणि दोघेही ओरडले. तिथेच मी सुचलो. माझे नाव ठेवले 'लाईट आली'. किंमत दोन बळ. खाली तिने वळणदार अक्षरात लिहिले: दोघांचेही हात खाली. एक पूर्ण फेरी तसेच.

पहिल्याच डावात बाबांनी मला खेळले आणि हातातली चारही कार्डे बाद कार्डांच्या ढिगात टाकून दिली.

"बाबा! हे काय?"

"हात खाली. तूच लिहिलंयस. टाक तुझीपण, बेटा."

"खाली म्हणजे टेबलावर! उलगडून ठेवायची, टाकायची नाहीत."

"अगं, खाली म्हणजे रिकामा. डब्बा खाली, बस खाली, हात खाली."

स्वयंपाकघरातून शालिनी, म्हणजे संपदाची आई, बाहेर आली. ती पुण्याची, बाबा ग्वाल्हेरचे. "अहो, ते हिंदीत! मराठीत खाली म्हणजे खाली. ग्वाल्हेरची मराठी ही अशी, अर्ध्यात उतरून हिंदीची गाडी पकडते."

"आणि पुण्याची मराठी फलाटावरच उभी असते," बाबा म्हणाले. "गाडी मिळतच नाही तिला."

तिघेही पोट धरून हसले. संपदा शब्द बदलायला निघाली होती, पण बाबांनी तिला थांबवले. त्यांनी पेन्सिलने 'खाली'च्या शेजारी एक छोटा बाण काढला, टेबलाच्या दिशेने. "आता विवाद समाप्त," ते म्हणाले. तो बाण अजून माझ्या अंगावर आहे.

बाबांचा नियम कडक होता. कुठलेही कार्ड शंभर डावांशिवाय पास नाही. पन्नास डावांत ते एकाने खेळायचे, पन्नासांत दुसऱ्याने. ज्याने खेळले तो शंभरांतून पंचेचाळीस ते पंचावन्न वेळा जिंकला, तरच हिरवा ठिपका. त्याहून जास्त असेल तर कार्ड फार बलवान, कमी असेल तर निकामी. आणखी एक नियम त्यांनी कारखान्यातून आणला होता. वहीत उभी रेघ मारायची. डाव्या बाजूला संपदाने आपले डाव लिहायचे, उजवीकडे बाबांनी आपले. दुसऱ्याची बाजू कागदाने झाकलेली असायची, चाचणी संपेपर्यंत कुणी ती पाहायची नाही. "दुसऱ्याचं रीडिंग पाहिलं की आपलं आपोआप तसंच यायला लागतं," ते म्हणत.

माझे शंभर डाव सहा महिने चालले. विजय एक्कावन्न. बाबांनी हिरवा ठिपका दिला आणि कॉलनीभर माझे कौतुक झाले. "दीदी, वो लाइट वाला दे दो ना, बदले में सात दूँगा," असे म्हणून एका मुलाने आपली सात चकाकती कार्डे टेबलावर मांडली होती. संपदाने दिले नाही. त्या दिवशी मला किती अभिमान वाटला, काय सांगू!

मग ती शिकायला इंदूरला गेली आणि मी डब्यात गेलो. चार वर्षे कुणी झाकण उघडले नाही. मित्रांनो, अंधाराची मला तक्रार नाही. कार्डाला वाट पाहता येते.

पदवी घेऊन ती परतली तेव्हा बाबा निवृत्त झाले होते. तिला आणायला ते एकटेच स्टेशनवर गेले आणि दीड तास भलत्याच स्टेशनवर उभे राहिले. ती हबीबगंजला उतरली होती आणि ते मोठ्या भोपाळ स्टेशनवर होते. "हबीबगंजचं नाव बदललंय ना आता," आई म्हणाली, "माणसाचा गोंधळ होणारच." सगळ्यांना ते पटले. ही गोष्ट मी डब्यातून ऐकली, कारण डबा तेव्हा टेबलावर आला होता. पुण्याच्या एका छोट्या छापखान्याने आमचा बेचाळीस कार्डांचा संच पाहायचे कबूल केले होते. चाचणीची वही सोबत हवी, एवढीच अट होती. संपदाला हे काम कुठल्याही नोकरीहून जास्त हवे होते. संचाच्या पहिल्या पानावर तिने दोघांची नावे लिहिली, आधी बाबांचे.

कार्डांची पुन्हा चाचणी सुरू झाली. एक डाव संपदाने मला खेळायचे, एक बाबांनी, आणि आपापल्या बाजूला लिहायचे. तिने मला खेळलेल्या पहिल्या वीस डावांत ती सतरा वेळा जिंकली.

तिच्या कपाळावर आठी पडली. वीसपैकी सतरा फारच होते. तिने दोनवर पांढरी शाई लावून वर तीन लिहिले. किंमत वाढली की कार्ड जड होते आणि उशिरा खेळता येते. पुढच्या वीस डावांत सोळा विजय. तिने तीनचे चार केले. 'एक पूर्ण फेरी' खोडून 'फक्त एकदा' लिहिले. पुढच्या वीसांत पुन्हा सतरा.

मला बोलता येत नव्हते. येत असते तर मी एवढेच विचारले असते, की मी दोघांचे हात सारखेच उघडतो, मग एकच कसा जिंकतो?

मी टेबलावर असल्याने मला समोरचे दिसत होते. दोन्ही हात उलगडले, की नऊ कार्डे एकदम डोळ्यांपुढे येतात. पूर्वी बाबा ती एका नजरेत वाचत आणि मिशीतल्या मिशीत हसत. आता त्यांची नजर पहिल्या कार्डावरून चौथ्यावर जाई आणि पुन्हा पहिल्यावर येई. अंगठ्याने ते माझा बाण हळूहळू घासत राहत. आणि कितीतरी वेळा, संपदाने मला खेळताच, ते आपली सगळी कार्डे उचलून बाद ढिगात टाकत.

"बाबा, परत हिंदी!"

"अरे हो यार. खाली, खाली." ते हसत आणि कार्डे परत घेत.

"ग्वाल्हेर काही जात नाही हो तुमच्या अंगातून," आई म्हणे. ती हसे, संपदाही हसे. सगळ्यात मोठ्याने बाबा हसत.

प्रत्येकाचे साठ डाव झाल्यावर संपदाने मला लाल ठिपका दिला. हिरव्याच्या अगदी शेजारी. एके काळी गाजलेल्या कार्डाला ते कसे वाटले असेल ते लिहीत नाही.

वही पाठवायची म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पहिल्यांदा उजवी बाजू उघडली. मी वहीवरच पडलो होतो. बाबांच्या साठ नोंदी हव्या होत्या. तिने बोट ठेवून मोजल्या, एक्केचाळीस निघाल्या. निकाल फक्त सव्वीसांपुढे लिहिला होता. त्यांत बाबांचे विजय पाच होते. मी खरोखर बलवान असतो, तर त्यांच्या हातातही बलवान ठरलो असतो. एकच तारीख तीन पानांवर होती. आणि समासात, त्यांच्या त्या सरळ कारखानी अक्षरात, एक ओळ अकरा वेळा लिहिलेली होती: खाली म्हणजे टेबलावर.

अकराव्या ओळीखाली लहान अक्षरात होते: संपदाला परत विचारायचे नाही. हसण्यावारी न्यायचे.

ती उठली. मग वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेली. आई मटार सोलत होती.

"आई, हे हिंदी नाहीये."

"काय?"

"बाबांचं. ते हिंदी नाहीये, आई."

आईने समास वाचला. हातातली शेंग तिने अर्धी सोललेलीच ताटात ठेवली. "मला वाटलं, रिटायर झाले म्हणून," ती म्हणाली. "स्टेशनचंही वाटलं, नाव बदललं म्हणून."

पुढचे महिने डॉक्टर, तपासण्या आणि मेंदूच्या फिल्मांचे गेले. आजाराला एक लांब नाव आहे. तो कमी होणार नाही, एवढेच मला कळले. छापखान्याने दिलेली तारीख निघून गेली आणि तिचा विषय घरात कुणी काढला नाही.

एके दिवशी संपदाने मला कव्हरातून काढले. ब्लेडने हलक्या हाताने पांढरी शाई खरवडली, चार काढले, तीन काढले, आणि त्याच जागी पुन्हा दोन लिहिले. 'एक पूर्ण फेरी तसेच' ही ओळही तिने पुन्हा लिहिली. बाबा शेजारी बसून पाहत होते. तिने त्यांच्या हातात स्क्रू गेज दिले. सकाळचा चहा झाला की नाही हे त्यांना त्या दिवसांत आठवत नसे. पण त्यांनी मला दोन जबड्यांमध्ये अलगद धरले, मागची मूठ फिरवून तिचा खटका तीनदा वाजू दिला आणि म्हणाले, "पॉइंट थ्री सिक्स. लिही."

तिने लिहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि तिने ते पुसले नाही.

बाबांनी मला उलटसुलट केले. "हे तर पास झालं होतं ना? मग लाल कुणी लावला?"

"मी लावला, बाबा. माझी चूक झाली."

"कार्डात फॉल्ट नव्हता?"

"नव्हता. मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते."

"मग रीटेस्ट घे," ते म्हणाले. "नियमाने. शंभरच्या शंभर. असं खोडून पास करायचं नाही, बेटा."

म्हणून चाचणी पुन्हा सुरू झाली. आता समोर आई बसते. पुण्याची असल्याने ती प्रत्येक नियम दोनदा विचारते आणि मग भांडते. बाबा मधल्या खुर्चीवर असतात. बाद कार्डांचा ढीग त्यांच्याकडे असतो आणि तो ते फार नीट लावतात. कधी कधी मी खेळलो गेलो, की ते दोघींचीही कार्डे गोळा करून ढिगात टाकतात. तेव्हा कुणी "परत हिंदी" म्हणत नाही. संपदा कार्डे परत मांडते आणि त्यांचे बोट माझ्या बाणावर ठेवते. बाण आता जेमतेम दिसतो.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. खेळात काही बिघडले, की तुम्ही कार्ड तपासाल, नियम तपासाल, शब्द तपासाल. ते जरूर करा. पण त्याआधी एकदा मान वर करून समोर बसलेल्या माणसाकडे नीट पाहा. तो हसत असला तरी पाहा.

शंभरावा डाव काल दुपारी संपला. संपदाने वहीच्या दोन्ही बाजू एकत्र केल्या आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवल्या.

लाईट आली. किंमत दोन. जाडी ०.३६ मिलिमीटर. डाव शंभर. विजय बावन्न.