सहा सुऱ्या

"सांडशी मी धरणार," रेणुका म्हणाली. "तुमी घण मारायचा."

राजेंद्र पत्र्याच्या शेडच्या दारातच थबकला. सकाळचे सात वाजले होते. शेजारच्या गच्चीवर माधवी कपडे वाळत घालत होती आणि एकच चादर तिसऱ्यांदा झटकत होती. तिचं लक्ष कुठे होतं हे काय सांगायला हवं?

"लोकं काय म्हणत्याल?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "बायको सांगती आन नवरा ठोकतोय."

"दोन दिवस म्हणत्याल. तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरं काय तरी घावंल. घ्या घण."

त्याने घेतला. न घेऊन करतो काय? बावीस वर्षांच्या संसारात रेणुका हट्टाला पेटली असं दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळेला माघार त्यानेच घेतली होती.

रेणुका ओव्हाळ कुसगावच्या एका मोठ्या हॉटेलात एकोणीस वर्षं भाजी चिरत होती. मग भाजी चिरायचं मशीन आलं आणि नऊ बायकांतल्या चौघीच ठेवायचं ठरलं. कोण राहणार यावरून भांडणं नकोत म्हणून बायकांनीच चिठ्ठ्या टाकल्या. रेणुकाने स्वतःच्या हाताने उचललेली चिठ्ठी कोरी निघाली. आता रागवायचं तरी कुणावर? ती घरी आली, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "मी सुऱ्या करणार."

घरात सगळे हसले. पण बाई उगाच बोलली नव्हती. त्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक सुरीला धार तिने लावली होती. डझनाने येणारा तो चकचकीत माल सकाळी झोकात असायचा आणि दुपारी टोमॅटोवरून घसरायचा. कोणतं पातं किती टिकेल हे ती नखावर टेकवून सांगायची. फक्त पातं घडवायचं कसं, तेवढं ठाऊक नव्हतं.

ते तिला कामशेतच्या धोंडिबा लोहाराने शिकवलं. पंचाहत्तरीचा म्हातारा, मुलं कंपनीत, भाता बंद पडायला आलेला. बाई शिकायला आली याचं त्याला काडीचं नवल वाटलं नाही.

"आमच्यात घण बाईच मारती," तो म्हणाला. "माजी म्हातारी चाळीस वर्सं मारत हुती. पर तू सांडशी मागतीस. सांडशी जेच्या हातात, काम तेचं असतं, बाई."

"म्हणून तर मागतीय, आबा."

म्हाताऱ्याने सांडशी तिच्याकडे सरकवली. दीड महिना ती रोज त्याच्याकडे जात राहिली. तिने मागच्या अंगणात शेड उभी केली तेव्हा त्याने आपली एक ऐरण टेम्पोत घालून स्वतः आणून दिली.

"रोज हळदीकुंकू लाव हिला," तो म्हणाला.

"ते आमच्यात न्हाई, आबा. पर पाय लावणार न्हाई कदी. आन कुणाला लावू देणार न्हाई."

धोंडिबाने थोडा विचार केला. "तेवढं बास झालं," तो म्हणाला.

पाती करायला ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे तिने देहूरोडच्या भंगारवाल्याकडून निवडून आणले. भट्टीला वारा द्यायला जुना पंखा जोडला. पहिली तीन पाती तिने लाल करून, विळ्याला देतात तसं सरळ बादलीत बुडवून पाणी दिलं आणि तिन्ही तडकली. धोंडिबाने फोनवर ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मोटारीचा पाटा हाय त्यो. त्याला पाणी सोसत न्हाई, तेल लागतं." तेल कुठून आणायचं? नाक्यावरच्या वडेवाल्याकडे तळून काळं झालेलं पिंपभर पडलं होतं. तेव्हापासून पातं बुडवलं की सगळ्या आळीत बटाटेवड्याचा वास सुटायचा आणि माधवीची पोरं भूक लागली म्हणून रडायची. तेलातून काढलेलं पातं ठिसूळ राहू नये म्हणून मग लेकीच्या, प्रेरणाच्या, केकच्या ओव्हनमध्ये दोन तास भाजायचं. तिने आठवडाभर आईशी अबोला धरला. रेणुकाने तोही सोसला.

पण शेडवर एक टांगती तलवार होतीच. राजेंद्रने तुंगार्लीच्या एका बंगल्यावर तिच्यासाठी धुणीभांडी आणि झाडलोटीचं काम बघून ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. त्याच शुक्रवारी, दुपारी, जुन्या हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने, गौरवने, सहा सुऱ्या दाखवायला बोलावलं होतं.

"त्याने घेतल्या तर शेड राहील," रेणुकाने नवऱ्याला शब्द दिला. "न्हाई घेतल्या तर मी बंगल्यावर जाईन. परत नाव काढणार न्हाई."

मग दोघांनी घडवायला घेतलं. रेणुका लहान हातोडीने तापल्या पात्यावर जिथे टक् करी, तिथे राजेंद्रचा घण पडे. ऐरणीवर नुसतीच हातोडी वाजली की थांबायचं. बोलायचं नाही. पहिल्या दिवशी त्याचा घण तीनदा भलतीकडे पडला. चौथ्या दिवशी माधवी चादर झटकायची विसरली आणि कठड्याला रेलून नुसती बघत राहिली. घासणं, धार लावणं, मुठी बसवणं हे सगळं रेणुकाने एकटीने केलं. सागाची प्रत्येक मूठ तिने आपल्या पंजात धरून, जिथे बोचेल तिथे घासून, पुन्हा धरून, पुन्हा घासून बसवली.

शुक्रवारी गौरवने पहिल्या सुरीने कागद कापला. मग पिकलेला टोमॅटो, मग एका दमात पाच किलो कांदा. शेवटचा कांदा पहिल्यासारखाच पडला.

गौरवने सुरी ठेवली आणि हात झटकला.

"धार एक नंबर आहे, मावशी. मी अशी धार बघितली नाही. पण मूठ लहान आहे हो. माझी दोन बोटं बाहेर राहतात."

त्याने दुसरी उचलली, तिसरी उचलली. सहाही तशाच. त्याच्या रुंद पंजात ती मूठ खेळण्यातली वाटत होती. रेणुकाने आपल्या हाताकडे पाहिलं आणि तिला झालेली चूक कळली. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या सुऱ्या सांभाळलेल्या बाईने पहिल्यांदा स्वतः सुरी केली, आणि माप घेतलं स्वतःच्याच हाताचं. दुसरा हात तिच्या मनातसुद्धा आला नव्हता.

"मूठ बदलून आणा ना," गौरव म्हणाला.

"न्हाई व्हायचं. पोलाद पार मुठीच्या टोकापत्तुर हाय, ते तेवढंच कापलंय. आता लांबत न्हाई."

त्यालाही वाईट वाटलं. पण आचाऱ्यांच्या हातात जे बसत नाही ते तो घेणार कसं? रेणुकाने सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. बंगल्यावर सोमवारी जायचं, बस्स.

मागच्या दाराकडे जाताना भाजीच्या ओट्यावरून हाक आली. वडिवळ्याच्या कस्तुराबाई, चिठ्ठीत राहिलेल्या चौघींतल्या सगळ्यांत थोरल्या, फरसबीच्या ढिगामागे बसल्या होत्या.

"रेणुका, दाव की गं आमाला बी. का सायबालाच दावायच्या?"

रेणुकाने नाईलाजाने पुडकं सोडलं. कस्तुराबाईंनी एक सुरी उचलली, मूठभर फरसबी पुढे ओढली आणि चिरायला लागल्या. चिरता चिरता मध्येच थांबल्या. सुरी उलटी केली, मूठ पाहिली, पुन्हा धरली आणि परत चिरायला लागल्या. या वेळी हात भरभर चालला. बाकीच्या तिघींनी न विचारताच एकेक उचलली. ओट्यावर नुसती चिरण्याची लय ऐकू येत होती.

"काय झालं?" रेणुकाने विचारलं.

कस्तुराबाईंनी आपला अंगठा वर केला. तो पेरापाशी वाकडा झाला होता. मूठ आवळून आवळून तसाच राहिलेला.

"सव्वीस वर्सं झाली चिरतीया," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माजाच हात ल्हान हाय."

गौरव कधी मागे येऊन उभा राहिला ते कुणालाच कळलं नाही. त्याने ढीग पाहिला, चारी बायकांचे हात पाहिले. "कस्तुरामावशी, सुरी द्या त्यांची परत," तो म्हणाला.

"न्हाई द्येत," कस्तुराबाई म्हणाल्या, मान वर न करता. "तुमी स्टोअरला सांगा."

गौरव हसला नाही. पुढची काही मिनिटं तो हॉटेलची खरेदी बघणाऱ्या स्टोअरच्या माणसाशी फोनवर बोलत होता. "सहाही ठेवा," तो शेवटी रेणुकाला म्हणाला. "आणि आचाऱ्यांसाठी आठ करा. माझ्या हाताचं माप घेऊन जा."

"घेते," रेणुका म्हणाली. "आदी ह्या चौघींचं घेते."

तिने राजेंद्रला फोन लावला, बंगल्यावर नाही म्हणून कळवा एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. मग पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली, ओट्यावर कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "हात ठेवा हितं, मावशी. बोटं पसरून."

कस्तुराबाईंनी सुरी बाजूला ठेवली. मग हात पुढे करण्याआधी त्यांनी तो पदराला पुसला, उलटा करून पुन्हा पुसला.