बुंध्यावरचा नंबर

आमच्या ह्यांना बागेत फिरायला मुळीच आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बालाघाटातल्या लोकांचा समज अगदी उलटा आहे. ह्यांना आवडतं झाडं मोजायला. नुसतं फिरायला म्हटलं की पाय दुखतात.

यांचं नाव गुणाकर. जंगल खात्यात चौतीस वर्षं नोकरी, शेवटची नऊ डिप्टी रेंजर म्हणून. दिवाळी झाली की हे उकव्याच्या नाहीतर बैहरच्या जंगलात तंबू ठोकून बसायचे. कोणती झाडं तोडायची ते ठरवायचं आणि त्यांच्यावर नंबर टाकायचे, हे यांचं काम. मागून कुऱ्हाडवाले यायचे आणि नंबरची झाडं पाडायचे. चौतीस वर्षांत आपलं एक झाड चुकलं नाही असं हे सांगत, आणि दुर्दैवानं ते खरं होतं. त्यामुळे घरात चुकायची सगळी जबाबदारी माझ्यावर आली. भाजी खारट झाली तर मी चुकले, आणि पाहुणा न सांगता आला तरी मीच.

रिटायर झाल्यावर दोन वर्षं घरात बसून यांनी माझ्या लोणच्याच्या बरण्यांना नंबर दिले. शहाऐंशी साली मी हात जोडून सांगितलं की आता बाहेरचं काहीतरी बघा. तेव्हा यांच्या मनात नगरपालिकेची बाग आली. गावाच्या टोकाला, वैनगंगेकडे उतरत जाणारी ती जमीन. दोन मोडके झोपाळे, एक घसरगुंडी आणि बाकी सगळं रान. पण त्या रानात जुनी झाडं होती, साजा, कुसुम, मोह, बेहडा, धावडा. यांनी मोजली तर त्रेपन्न भरली.

मग सुरू झाल्या नगरपालिकेच्या चकरा. पैसा मिळाला नाही, परवानगी मिळाली, आणि बागेचा रोजंदारीवरचा चौकीदार भोजराज मदतीला मिळाला. या दोघांनी चार महिने खपून झाडांमधून दोन पायवाटा काढल्या. एक छोटी, म्हाताऱ्यांसाठी आणि कडेवरच्या लेकरांसाठी. दुसरी लांब, पार नदीच्या उतारापर्यंत. प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर पांढरा पट्टा आणि नंबर. फाटकावर नावांची पाटी लागायची होती. लेकरांनी झाडाचा नंबर लक्षात ठेवायचा, पळत यायचं आणि पाटीवर नाव शोधायचं, अशी ती योजना.

एका संध्याकाळी हे गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. मी विचारलं, या वयात हा खटाटोप कशाला? नेहमीचं काहीतरी तिरकस उत्तर येईल म्हणून मी तयारच होते.

"अलका, मी हजारो झाडाइले नंबर टाकला," हे म्हणाले. "ज्याले टाकला ते पडलं. एकदा असा टाकायचा आहे का झाड उभं राहीन."

आत जाऊन मी पुन्हा चहा टाकला. त्या दिवसापासून ती बाग माझीही झाली.

उद्घाटन दिवाळीनंतरच्या रविवारी ठरलं. नगराध्यक्ष येणार होते. शनिवारी सकाळीच हे लालबऱ्याला गेले. इथल्या एकाही पेंटरचं अक्षर यांना पसंत पडलं नव्हतं, म्हणून पाटी तिकडच्या मोतीलाल पेंटरकडे टाकली होती. नऊच्या सुमारास भोजराज सायकल मारत दारात आला. कुऱ्हाडवाले आले आहेत म्हणाला. मी म्हटलं, यायचेच होते, फाटकाजवळचे, त्रेपन्नात न धरलेले दोन वाळके साजे पाडायला यांनीच खूण करून नगरपालिकेला सांगितलं होतं.

"काकू, ते दोन पडले," भोजराज म्हणाला. "आता ते समदेच पाडून राह्यले."

पंचावन्नाव्या वर्षी मी सायकलच्या कॅरिअरवर बसले. वाटेत कोणी पाहिलं आणि कोण हसलं याची मला शुद्ध नव्हती.

आठ माणसं होती आणि त्यांचा मुखिया होता सुखराम, भरवेलीचा. वीस वर्षं त्यानं यांच्या मागोमाग जंगलात कुऱ्हाड चालवलेली, दर वर्षी आमच्याकडे खांद्यावर कुऱ्हाड आणि हातात चारोळ्यांची पुडी घेऊन यायचा. मला बघताच त्यानं कुऱ्हाड खाली टेकवून नमस्कार केला. त्याच्या मागं सतरा नंबरचा कुसुम होता. बुंध्यावर दोन घाव बसले होते आणि आतलं लाल लाकूड दिसत होतं.

मी ओरडलेच. हा काय आचरटपणा, ही झाडं बघायची आहेत, पाडायची नाहीत. सुखरामनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नगरपालिकेच्या ओव्हरसियरनं त्याला सांगितलं होतं की डिप्टी साहेबांनी खुणा केल्या आहेत, खुणेची झाडं पाड. नुसता वरचा नंबर असता तर त्यानं विचारलं असतं. पण त्यानं मला खाली बघायला सांगितलं.

मी वाकले. जमिनीपासून वीतभर वर, साल हातभर तासून, पुन्हा तोच नंबर घातलेला होता. सतरा. सुबक, सरळ, एकाचा दांडा काटकोनात.

मग सुखरामनं मला ते सांगितलं जे चौतीस वर्षं संसार करून मला माहीत नव्हतं. झाड पडलं की वरचा नंबर लाकडाबरोबर निघून जातो. खालचा खुंटावर राहतो. साहेब तपासायला आले की खुंट पाहून कळतं, परवानगीनं तोडलं की चोरून. खाली नंबर फक्त मरणाऱ्या झाडाला पडतो. जंगलात काम केलेला कोणताही माणूस त्या खुणेचा दुसरा अर्थ लावणार नाही.

"साहेबाचा हात मी झोपेतबी ओळखतो, बाईसाहेब," सुखराम म्हणाला. "तो हात चुकत नाही."

आणि मला लख्ख कळलं. हात चुकलाच नव्हता. तो सवयीनं वर एकदा आणि खाली एकदा नंबर टाकत गेला होता, त्रेपन्न वेळा, आणि हे मात्र झाडं वाचवायच्या आनंदात होते. भोजराजनं जंगलात कधी काम केलेलं नाही. त्याला वाटलं असेल, अशीच रीत असते.

तोवर सकाळी फिरायला आलेले दहा-बारा लोक गोळा झाले आणि ओव्हरसियर दुलीचंद स्कूटरवरून उतरले. सुखरामनं त्यांना खालचे नंबर दाखवले. दुलीचंद गोंधळले. गुणाकर बाबूंकडून अशी चूक होणं शक्य नाही असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. इतक्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं, डिप्टीनं बाग ठेकेदाराले विकली असन.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मी जे बोलले ते आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हणाले, साहेबांनी फक्त वरचे नंबर टाकले, खालचे या भोजराजनं टाकले, न विचारता.

खोटं इतकं सहज बाहेर पडलं की मलाच ते क्षणभर खरं वाटलं. भोजराजनं माझ्याकडे पाहिलं. तो नाही म्हणाला नाही. चार महिने त्यानं माझ्या हातचं जेवण जेवलं होतं, त्याला मी काकू होते. दुलीचंदना तर हे ऐकून हायसंच वाटलं.

"कल से काम पे मत आना," ते त्याला म्हणाले.

भोजराजनं कुदळ झाडाला टेकवून ठेवली आणि सायकलचं स्टँड काढलं. यांची अब्रू वाचली असं मी स्वतःला समजावत होते, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

त्याच वेळी रिक्षात पाटी उभी धरून हे आले. दोन पडलेले साजे, सुखराम, गर्दी, मी, आणि सायकल घेऊन फाटकाकडे निघालेला भोजराज, सगळं यांनी पाहिलं. दुलीचंदनी घाईघाईनं हकीकत सांगितली. मी डोळ्यांनी खुणावलं की गप्प राहा. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग गुडघ्यावर हात टेकत खाली वाकून बराच वेळ तो सतरा बघितला. उठताना यांना झाडाचा आधार घ्यावा लागला.

"भोजराज, थांब," हे म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खालचे नंबर माझे आहेत. त्यानं एकबी टाकला नाही. चूक माझी आहे."

दुलीचंद जवळ येऊन हळूच म्हणाले की साहेब, जाऊ द्या, मिटलं आहे, एका चौकीदारासाठी तुम्ही कशाला कमीपणा घेता.

"उसको वापस काम पे लीजिए," हे म्हणाले. "अभी, सबके सामने."

दुलीचंदनी भोजराजला परत बोलावलं. गर्दीतला तो बोलणारा कधी पसार झाला कोणाला दिसलं नाही. सुखराम मान खाली घालून उभा होता, जणू चूक त्याची होती.

"साहेब, वीस सालात तुमची पहिली चूक पाहून राह्यलो," तो म्हणाला.

"पहिली नसन," हे म्हणाले. "कबूल केलेली पहिली."

मला लग्नात यांच्या सरकारी नोकरीचा अभिमान होता, पुढं डिप्टी झाल्याचा होता, पण त्या सकाळी जो वाटला तो वेगळाच होता. आणि त्या अभिमानाखाली माझी लाज तशीच उभी होती. म्हणून मी भोजराजकडे गेले. जे खोटं सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच मागं घेतलं. भोजराज जमिनीकडे बघत म्हणाला की असू द्या काकू. मी म्हटलं, असू कशाला द्यायचं, तू माझ्यावर रागाव. तो रागावला नाही. त्यानं कुदळ उचलली, हे मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

सुखरामची माणसं खालचे नंबर खरवडायला पुढं सरसावली. यांनी कोणाला हात लावू दिला नाही. खात्याची रीत अशी की ज्यानं खूण केली त्यानंच ती रद्द करायची. शेणमाती कालवली आणि तासलेल्या सालीवर, नंबरावर, यांनी स्वतः लिंपली. कुसुमाचे घावही भरले. त्रेपन्न वेळा वाकले. बादली मी धरली होती. शेवटच्या झाडाशी दिवस मावळला, आणि गुडघे दुखतात असं हे एकदाही म्हणाले नाहीत.

रविवारी सगळं गाव लोटलं. सतरंज्या, चिवड्याचे डबे, झोपाळ्यापाशी रांगा. पोरं नंबर घोकत फाटकाकडे पळत होती आणि नावं ओरडत परत येत होती. नगराध्यक्षांनी भाषणात यांची फार स्तुती केली. मग हे उठले आणि माईकवर कालची सगळी चूक पहिल्यापासून सांगितली, खालच्या नंबराच्या अर्थासकट. मंडपात आधी कुजबुज झाली, मग कोणीतरी टाळी वाजवली. टाळी वाजवणारा भोजराज होता.

दुपारी सुखराम आला. धुतलेला सदरा, सोबत बायको मैनाबाई आणि दोन पोरी. आजवर त्याला मी कुऱ्हाडीशिवाय पाहिलं नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. सतराव्या कुसुमाखाली तो थांबला आणि मान मागं टाकून वर बघत राहिला, इतका वेळ की पोरी कंटाळून पुढं गेल्या.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "शंभर कुसुम पाडले असन मी. पण पाडताना माणूस खालीच पाहते. हे झाड एवढं वर जाते, मले ठाऊकच नव्हतं."

हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला अठराव्या झाडाकडे घेऊन गेले, मग एकोणिसाव्या. पूर्ण लांब वाट दोघं हळूहळू चालले. मी मागं होते. ओळखीचं कोणी भेटलं की मी थांबवून सांगत होते, ते पुढं चाललेत ना, ते आमचे हे.