चौदा कपांच्या आदल्या दुपारी

समोरच्या फ्रेंच वाईन बिस्ट्रोच्या पाटीवर माझा आठ महिन्यांपासून डोळा होता. माझं कपडे अल्टर करायचं दुकान त्याच्या अगदी समोर. कुणाच्या पँटची उंची कमी करता करता मान वर केली की खडूने लिहिलेली तीच ओळ दिसायची: दुपारचं जेवण, सूप, एक मोठी डिश, हवा तेवढा पाव आणि वाईनचा एक ग्लास. आणि दर किती, तर दोन शर्टांच्या शिलाईएवढा. इतकं स्वस्त म्हणजे काहीतरी गोम असणार, असं मी रोज स्वतःला बजावायचे आणि रोज परत वाचायचे.

शेवटी निमित्त मिळालं ते माझ्या नणंदेचं. वयाची पंचेचाळिशी उलटली तरी घरात सगळे तिला बेबीच म्हणतात. बेबी चहाच्या कंपनीत चव घेणारी आहे. रांगेने कप मांडलेले असतात, ही प्रत्येकातला एक चमचा सुर्रकन ओढते, तोंडात घोळवते, शेजारच्या पिंकदाणीत थुंकते आणि सांगते की कुठली पानं जास्त भाजली आणि कुठल्या पेटीला ओल लागली. वीस वर्षांत तिचं एकदाही चुकलेलं नाही. त्यासाठी पथ्यंही कडक. अत्तर लावायचं नाही आणि कप असतील त्याच्या आदल्या दिवसापासून कांदा-लसूण बंद. माझं लग्न झालं तेव्हा ही शाळेत होती, तेव्हापासून माझ्या स्वयंपाकाला नाकं मुरडते, तर नोकरी तिला अगदी योग्य मिळाली असं मी सगळ्यांना सांगत असते.

चार महिन्यांपूर्वी तिला साधी सर्दी झाली आणि जाताना ती वास घेऊन गेली. चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल, वाट बघा. कंपनीने इतके दिवस वाट बघितली. आता उद्या सकाळी दहाला तिच्यासमोर चौदा कप मांडणार होते. ओळखले तर खुर्ची तिची, नाहीतर तिची रवानगी पॅकिंगच्या खात्यात, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

सकाळपासून ती माझ्या दुकानात येऊन बसली होती आणि बटणांचे डबे उघडझाप करत होती. मला बघवेना. म्हटलं, "चल, ऊठ. समोर जेवू. पैसे माझे."

"मला कळणार आहे का काही? पैसे वाया."

"मला कळेल ना! तू नुसती सोबत बस."

आत जेमतेम नऊ टेबलं. भिंतीला टेकून बाटल्या, लाकडी खुर्च्या थोड्या डुगडुगत्या, प्रत्येक टेबलावर एका फुलाची फुलदाणी. मालक स्वतःच वाढत होता, पोटावर एप्रन घट्ट बांधलेला. (शिवण उसवली होती त्याची. मी मनात नोंद केली.) सूप एकच होतं, कांद्याचं. मोठ्या डिशमध्ये मासा किंवा लसूण-लोण्यातली कोंबडी.

"मला मासा," मी म्हटलं.

"मला कोंबडी," बेबी म्हणाली. "लसूण जरा जास्तच घाला."

उद्या कप आणि ही आज लसूण मागते, म्हणजे हिने मनातून नोकरी सोडलेली आहे. ओरडावंसं वाटलं, पण काय सांगणार होते? पथ्य पाळ म्हणून?

सूप आलं. वर चीजचा जाड थर, खाली मऊ, गोडसर झालेला कांदा. मी तर खरं सांगते, दोन चमचे घेतल्यावर बेबीचं दुःख क्षणभर विसरलेच.

"कसं आहे गं?" मी विचारलं.

"गरम आहे," ती म्हणाली आणि मुकाट्याने संपवलं.

मग मालकाने दोन ग्लास लाल वाईन ओतली. मी घोट घेतला, मला बरी वाटली. फुकटात मिळालेली गोष्ट मला बरीच वाटते. बेबीचं लक्ष खिडकीकडे होतं. तिने ग्लास उचलला आणि वीस वर्षांची सवय, सुर्रर्रकन असा घोट ओढला की पलीकडच्या टेबलावरचे आजोबा दचकले. गाल फुगवून तो घोळवला. आणि मी "बेबी, नको!" म्हणेपर्यंत फुलदाणी उचलून त्यात थुंकली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज ज्याच्या दारासमोर शटर उघडायचं, त्याच्या फुलावर आमची बेबी थुंकली! मालक लगबगीने आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, काही चुकलं का?"

"ओला पुठ्ठा," बेबी म्हणाली.

"अहो, तिला बरं नाहीये," मी मध्ये पडले.

"वहिनी, थांब." तिने ग्लासात नाक घातलं. परत घातलं. "ओल लागलेल्या पेटीतला पुठ्ठा. अगदी तोच."

मालकाने ग्लास घेऊन हुंगला, मग आत जाऊन बाटली हुंगली. परत आला तो कान पकडूनच. "बूच खराब निघालं. सकाळपासून चौघांना पाजली, कुणी बोललं नाही. तुम्ही या धंद्यातल्या का?"

बेबीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो खराब ग्लास तिने दोन्ही हातांनी धरला होता. त्याने नवी बाटली उघडली, पण जुना ग्लास ती नेऊ देईना. नवा हुंगून म्हणाली, "याचा वास अजून लांब आहे. पण आहे." मलाही रडू यायला लागलं, तेव्हा मी पावावर लोणी लावायला घेतलं.

तेवढ्यात मालकाने कोंबडी आणून ठेवली. लसूण खरंच जास्त घातला होता. बेबीने मान मागे घेतली आणि एकदम माझ्यावर उखडली.

"वहिनी! सूप कांद्याचं होतं! मी खाल्लं आणि तू बघत बसलीस? उद्या चौदा कप आहेत माझे!"

तिने ताट माझ्याकडे सरकवलं, मालकाला हाक मारली आणि म्हणाली, "मला नुसता उकडलेला बटाटा मिळेल का? मीठसुद्धा नको."