आत्मज्योतीचे चिमटे

सभागृहाच्या दारापासून जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत रांग लागली होती. आत गुरुजी तेज देत होते आणि दिल्याचा पुरावाही हातोहात मिळत होता: एक फोटो दीक्षेआधीचा, एक नंतरचा. पहिल्यात माणूस रापलेला, डोळ्यांखाली खड्डे पडलेला. दुसऱ्यात तोच माणूस लोण्यासारखा. मधे गेलेला वेळ सात मिनिटं.

रांगेत फोटोवाल्या वहिनी उभ्या होत्या. बावीस वर्षं त्या एका गाळ्यात लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढत होत्या. नेमाची प्रार्थना झाल्याशिवाय त्या शटर वर करत नसत, त्यामुळे त्यांना नास्तिक ठरवायची कुणाला सोय नव्हती. त्या आल्या होत्या धाकट्या जावेपायी. जावेच्या अंगात रक्त फार कमी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून आतला पांढरेपणा दाखवला होता आणि गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं बजावलं होतं. मग जावेने दीक्षा घेतली, दुसरा फोटो पाहिला आणि गोळ्या कपाटाच्या खणात टाकल्या. त्याला बारा दिवस झाले होते. काल ती जिन्यातच मटकन खाली बसली आणि म्हणाली, "काही नाही वहिनी, तेज पचतंय."

आज वहिनींनी जावेला सोबत घेतलं होतं, आणि दीक्षेसाठी सासूबाईंना. सासूबाईंचा कशावरच विश्वास नव्हता, पण खुर्ची मिळेल म्हटल्यावर त्या तयार झाल्या.

पहिला फोटो खोलीच्या मधोमध, छताच्या उघड्या बल्बाखाली झाला. सासूबाई शंभर वर्षांच्या दिसल्या. मग सात मिनिटं जप. बाकीचे मंत्र पुटपुटत होते. सासूबाई दोन्ही सुनांचे दोष पुटपुटत होत्या, आणि सात मिनिटं त्यांना पुरली नाहीत. नंतर त्यांना कोपऱ्यातल्या आसनावर नेलं. शेजारी, हातभर अंतरावर, पांढरा 'पावन पडदा' टांगलेला. पडद्यामागे 'अखंड दीप' म्हणजे एक भला थोरला दिवा. मांडीवर पांढरंशुभ्र 'शुद्धिवस्त्र'.

"काया तीच, छाया गेली," गुरुजी म्हणाले. "आत्म्याचा फ्यूज उडाला होता, तो आम्ही जोडला. डोळ्यांत बघा, ही चौकोनी आत्मज्योत."

फोटोत सासूबाई पन्नाशीच्या दिसत होत्या. रांगेतून एक सुस्कारा आला.

वहिनींनी पिशवीतून आपला कॅमेरा काढला आणि हळू आवाजात विचारलं, की दीक्षा तर आता झालीच आहे, तेव्हा आईंचा आणखी एक फोटो बल्बाखाली काढू का. गुरुजी म्हणाले, मिळालेलं तेज तपासू नये, ते रुसतं. पण सासूबाई तोवर उठून बल्बाखाली जाऊन उभ्याही राहिल्या होत्या.

फोटो निघाला. तेज तीन पावलांत उतरलं होतं. सासूबाई पुन्हा शंभर वर्षांच्या.

रांग पुढे सरकून कॅमेऱ्याभोवती गोळा झाली. वहिनींनी पिशवीतून जावेचा दीक्षेनंतरचा फोटो बाहेर काढला. काल त्यांनी त्यातला एक डोळा वहीएवढा मोठा करून छापला होता. बुबुळात पांढरा चौकोन होता, आणि चौकोनाच्या वरच्या काठाला दोन ठिपके.

"गुरुजी, आत्मज्योतीला हे काय आहे?"

गुरुजींनी चष्मा लावला. "एक इडा," ते म्हणाले, "आणि एक पिंगळा."

जाऊ इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिने छापलेल्या डोळ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पावन पडद्याकडे.

"वहिनी, ते चिमटे आहेत," ती म्हणाली. "कपडे वाळत घालायचे. इडा निळी आहे."

पडदा दोरीवर दोन चिमट्यांनीच टांगला होता, आणि डोळ्यातला चौकोन म्हणजे त्याचंच प्रतिबिंब. बाकीचं वहिनींनी थोडक्यात सांगितलं. बल्ब लहान, डोक्यावर आणि लांब, म्हणून चेहऱ्यावरचा प्रत्येक खड्डा आपापली सावली पाडतो. तोच उजेड मोठ्या पांढऱ्या कापडातून, अगदी जवळून आला की चहूकडून पसरतो आणि सावलीला बसायला जागा उरत नाही. राहिली डोळ्यांखालची, तर ती मांडीवरचं शुद्धिवस्त्र खालून उजेड फेकून पुसतं. त्यांच्या गाळ्यातही असंच एक शुद्धिवस्त्र होतं, जुन्या चादरीचं. ते मांडीवर पसरून त्यांनी वधूवरांचे शेकडो फोटो काढले होते आणि एकालाही मोक्ष मिळाला नव्हता.

रांग निम्मी झाली. निम्मी तशीच उभी राहिली. त्यांना फोटो हवाच होता.

घरी आल्यावर जावेने आपले दोन्ही फोटो समोर ठेवले. "मग खरी मी कुठली?"

"दोन्ही तूच. चेहरा तुझा, सावल्या दिव्याच्या." वहिनींनी तिला आरशापुढे नेलं आणि तिची खालची पापणी अलगद ओढली. आतली कड कागदासारखी पांढरी होती. "याला मात्र कुठलाच पडदा लावता येत नाही गं."

जावेने दुसरी पापणी स्वतःच ओढून पाहिली. मग खण उघडून गोळी घेतली.

वहिनींची संध्याकाळची प्रार्थना त्या दिवशी उशिरा झाली. जावेला बरं वाटू दे, एवढंच त्यांनी मागितलं. देवाकडे मागावं, मनापासून मागावं. पण कुणी तेज दाखवलं, तर हात जोडण्याआधी दिवा कुठे ठेवलाय ते बघावं, आणि रक्त किती आहे ते तपासणीच्या सुईलाच विचारावं. त्याने देव रुसत नाही. रुसतात ते गुरुजी.