कोशकुप्रिकच्या पुलावरचा धूर

सकाळचे पावणेनऊ वाजले की कोशकुप्रिकच्या पुलावर चमत्कार व्हायचा. रोज व्हायचा, फक्त रविवारी नाही. चमत्कारालाही साप्ताहिक सुट्टी असते, हे मला याच पुलावर कळलं.

पुलावरून वळण घेऊन खाली महामार्गाला मिळणारा रस्ता दोन लेनचा आहे. त्यावर तासतासभर गाड्या अडकलेल्या असायच्या. हॉर्न, शिव्या, तापलेली इंजिनं. अशात नोरबोय-ओता, म्हणजे नोरबोयबाबा, कठड्यावर चढायचे. पांढरी दाढी, हिरवा झगा आणि हातात तारेच्या कडीचा, भोकं पाडलेला पत्र्याचा डबा. डब्यात इसिरिक नावाच्या झुडपाच्या वाळक्या काड्या धुमसत असायच्या. इसिरिकचा धूर दिला की दृष्ट उतरते, हे आमच्या ताश्कंदमध्ये पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असतं. ओता डबा डोक्यावर धरायचे आणि खणखणीत आवाजात ओरडायचे, "नजर फुटो! गाठ सुटो! वाट मोकळी होवो!"

आणि वाट मोकळी व्हायची. अगदी डोळ्यांदेखत. मिनिटाभरात पुढच्या गाड्या हलायच्या, पाच मिनिटांत धावायला लागायच्या.

"पाहिलंत?" टॅक्सीवाले खिडकीतून अर्धे बाहेर येऊन एकमेकांना विचारायचे. "अरे, सरकारला जमलं नाही ते म्हाताऱ्याने केलं!"

"या वळणाखाली एका अवलियाची कबर आहे म्हणे. त्यांच्या छातीवरून गाड्या जातात, म्हणून ते रस्ता धरून ठेवतात. ओतांनी सांगितलं की सोडतात."

मग सगळे तोंडावरून दोन्ही हात फिरवून 'ओमिन' म्हणायचे. माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली माझी बायको खोसियतसुद्धा म्हणायची. मी तेवढा दात-ओठ खात बसायचो.

माझं नाव उल्मास. चाळीस वर्षं मी लोकांचे फ्रीज दुरुस्त केले. फ्रीज बंद पडला तर त्याला कुणाची नजर लागलेली नसते, त्याची एखादी तार तुटलेली असते, एवढीच माझी विद्या. पण ती विद्या या पुलावर एकदा तोंडघशी पडली होती. मे महिन्यात पाइप टाकायला वळणाची एक लेन खोदली आणि तेव्हापासून कोंडी सुरू झाली. जूनमध्ये डबा घेऊन ओता अवतरले. मी ज्याला त्याला सांगत सुटलो, "खड्डा आहे म्हणून कोंडी आहे. खड्डा बुजू दे, मग बघा." ऑगस्टच्या शेवटी खड्डा बुजला, वर गुळगुळीत डांबर पडलं. आणि कोंडी? जशीच्या तशी.

"काय उल्मास-अका, तुमचा खड्डा कुठे गेला?" चहाच्या टपरीवर लोक मला 'अका', म्हणजे दादा, म्हणत विचारायचे. मी आपला नान तोडून चहात बुडवत बसायचो.

टिंगल मी सहन केली असती. पण खोसियतची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी साडेआठ ते साडेबारा तिला डायलिसिसच्या मशीनवर झोपावं लागतं. साडेबाराला पुढचा पेशंट दारात उभा असतो. म्हणजे आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोचलो की तिची चाळीस मिनिटं कापली जातात. पुलाखालच्या कालव्यावर दुसरा पूल नाही. अर्धा तास लवकर निघून पाहिलं, तर ओता आणि कंपनी आमच्याआधीच हजर. तिचे पाय सुजायला लागले. लग्नातली अंगठी साबण लावून काढावी लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अका, हिला पूर्ण चार तास मिळालेच पाहिजेत. नाहीतर पाणी छातीत चढेल. असंच चाललं तर वसंतातला नवरोज पाहणं कठीण आहे."

ओतांचे भाचे तसलेच डबे खिडक्या-खिडक्यांतून फिरवत नोटा गोळा करायचे, आणि ही बाई काच खाली करून तो धूर अंगावर घ्यायची!

"अगं, तुला धाप लागते. काच वर कर."

"दारात आलेला इसिरिक कुणी परत पाठवतं का? तुम्ही पैसे द्या आणि गप्प बसा. ओता नसते तर दुपारपर्यंत इथेच बसलो असतो."

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी, तिला दवाखान्यात सोडून परत येताना माझी गाडी पुलाजवळ उकळली. पाणी मागायला मी पादचारी पुलाचे जिने चढलो. वर घडीच्या खुर्चीवर पन्नाशीची एक बाई बसली होती. गळ्यात शिट्टीसारखं स्टॉपवॉच, हातात टकटक करणारं मोजणीयंत्र. ती रस्ते विभागाची वाहनं मोजणारी होती, नाव मुयस्सर. तिने तिच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि मी खाली बघून ओतांना चार शिव्या घातल्या.

"शिव्या कशाला घालता अका? मोजा," ती म्हणाली. "मोकळ्या रस्त्यावर एका लेनमधून दर दोन सेकंदाला एक गाडी सुटते. म्हणजे मिनिटाला तीस. आता हे घ्या." तिने स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. "उद्या आठ वाजता या. ओतांच्या भाच्यांजवळून एक गाडी सुटली की दुसरी सुटेपर्यंत किती वेळ जातो ते बघा."

मी गेलो. ओतांचे चार भाचे, म्हणजे पोरं नव्हेत, चाळिशीचे ढेरपोटे गृहस्थ, प्रत्येक लेनमध्ये दोन-दोन उभे होते, नेमके वळण महामार्गाला मिळतं त्या तोंडावर. गाडी आली की ड्रायव्हर वेग कमी करी. काच खाली. डबा आत तीनदा फिरे. ड्रायव्हर खिसा चाचपे, नोट देई, तोंडावरून हात फिरवी, मग गिअर टाकी.

"पाच सेकंद," मी म्हणालो. मग पुढची गाडी. "पाच. सहा. पाच."

"म्हणजे एका लेनमधून मिनिटाला बारा," मुयस्सर म्हणाली. "आणि मागून येतात पंचवीस. राहिलेल्या तेरा कुठे जाणार?"

"मागे उभ्या राहणार."

"दर मिनिटाला तेरा. तासाभरात किती झाल्या ते तुम्हीच करा."

माझ्या हातातलं घड्याळ तसंच चालत राहिलं. "पण मग ओता रस्ता मोकळा कसा करतात?"

"थांबा. पावणेनऊ होऊ द्या. त्यांच्याकडे बघू नका, भाच्यांकडे बघा."

पावणेनऊला ओता कठड्यावर चढले. त्यांनी डबा वर धरला. त्याच क्षणी चौघा भाच्यांनी कमरेला लटकावलेली झाकणं काढली, डब्यांवर लावली आणि दुभाजकावर जाऊन उभे राहिले. ओता ओरडले, "गाठ सुटो!" सुटणारच. गाठ मारणारे बाजूला झाले होते!

मी हसलो. मग मला इतका संताप आला की कठड्यावर मूठ आपटून घेतली.

"सुरुवात खड्ड्याने केली हे खरं," मुयस्सर म्हणाली. "खड्डा बुजला तोवर हे चौघे त्याची जागा घेऊन उभे होते. पावसात इसिरिक पेटत नाही, म्हणून पावसाच्या दिवशी हे येत नाहीत आणि कोंडीही होत नाही. माझ्या आकड्यांत त्या दिवशी गाड्या उलट जास्तच असतात."

"लोक म्हणतात, पावसात ओता घरी बसून प्रार्थना करतात, म्हणून रस्ता मोकळा असतो."

"मी वर तीनदा लिहून पाठवलं. उत्तर आलं, कोंडीच्या कारणांच्या यादीत 'धूर' नावाचा रकाना नाही. तरी 'इतर' मध्ये भरा." ती कडवट हसली. "मी भरलं. अजून इतरातच आहे."

घरी जाऊन मी खोसियतला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खड्ड्याचंही तुम्ही असंच छातीठोकपणे सांगितलं होतंत."

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर आला. मी ज्याला सांगावं तो खड्ड्याची आठवण काढी. एकदा मी काच खाली करायला नकार दिला, तर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग मीही मुकाट्याने काच खाली करू लागलो. हे लिहिताना लाज वाटते, पण केलं ते केलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मोहल्ल्याचे प्रमुख कुद्रत-अका माइक घेऊन वळणाच्या तोंडाशी उभे होते. ओतांसाठी तिथे पक्का ओटा आणि छप्पर बांधायचं ठरलं होतं. म्हणजे हा प्रकार आता सिमेंटमध्ये बसणार होता. बघ्यांची ही गर्दी. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आमच्या पुढे थेट वळणाच्या तोंडापर्यंत गाड्यांची रांग होती. खोसियतचा श्वास वर-खाली होत होता. अचानक तिने दार उघडलं आणि ती खाली उतरली.

"अगं कुठे चाललीस?"

"ओतांना विचारते. आजारी बाईचं ऐकतील ते."

मी गाडी कडेला घेतली आणि तिच्या मागे धावलो. ती रेलिंगला धरत ओतांपर्यंत पोचली. "ओता, साडेआठला माझं मशीन आहे. आत्ताच वाट मोकळी करा ना."

ओतांनी डोळे मिटले. "बेटी, अवलिया अजून जागे झाले नाहीत. पावणेनऊशिवाय ते ऐकत नाहीत."

"उशिरा उठतात वाटतं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. कुद्रत-अकांना ते झोंबलं. ते माइकवरून म्हणाले, "ओता, आज शुभ दिवस आहे. लोकांना दाखवूनच द्या!"

ओतांचा नाइलाज झाला. ते कठड्यावर चढले, डबा वर गेला. भाच्यांचे हात झाकणांकडे गेले आणि खोसियतने ते पाहिलं. ती माझ्याकडे वळली. तिला माहीत होतं मी काय बोललो असतो ते.

"थांबा," ती म्हणाली. "ओता, झाकणं कशाला? धुरानेच वाट मोकळी होते ना? मग डबे चालू राहू द्या. चारी डबे. माझे हे म्हणतात की सगळी करामत झाकणांत आहे. त्यांना एकदा खोटं पाडा."

माझ्यावर विश्वास ठेवून ती हे बोलत नव्हती. ओतांवर विश्वास होता म्हणून बोलत होती. म्हणूनच ओतांना तिच्यावर चिडता येईना.

"अर्थातच!" ओता म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता. "नजर फुटो! गाठ सुटो!"

भाचे धूर देत राहिले. काचा खाली होत राहिल्या. पाच सेकंद, सहा सेकंद, पाच सेकंद. ओता पुन्हा ओरडले. मग तिसऱ्यांदा. साडेआठ झाले. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एका मिनीबसवाल्याने ओरडून विचारलं, "काय ओता, आज अवलियांनी फोन बंद ठेवलाय का?"

पावणेनऊला थोरल्या भाच्याला राहवलं नाही. तो सवयीने दुभाजकाकडे सरकला आणि मोठ्याने म्हणाला, "मामा, आता झाकण लावू का?"

सगळ्यांच्या माना त्याच्या कमरेच्या झाकणाकडे वळल्या.

एव्हाना मुयस्सर पादचारी पुलावरून खाली आली होती. ती म्हणाली, "आता उलटं करून बघू या. प्रार्थना नको, आरोळी नको. ओता, तुम्ही बसा, चहा घ्या. फक्त झाकणं लावा."

खोसियत थोरल्या भाच्याजवळ गेली. त्याच्या कमरेचं झाकण तिने आपल्या सुजलेल्या हातांनी सोडवलं आणि डब्यावर दाबून बसवलं. इतर तिघांनी न सांगता आपापली लावली. पहिली गाडी सुटली. दुसरी. मुयस्सर मोठ्याने मोजत होती, "एक... दोन... एक... दोन..." ओता हातातला डबा घेऊन नुसते उभे होते आणि दोन्ही लेन धावत होत्या.

"नजर गाड्यांना लागली नव्हती," मुयस्सर लोकांना म्हणाली. "प्रत्येकाने तीन-तीन सेकंद जास्त घेतले, इतकंच झालं होतं. आपले तीन सेकंद आपल्याला दिसतही नाहीत. ते मागच्याला दिसतात."

कुद्रत-अकांनी माइक बंद केला. ओटा बांधायला आणलेली सिमेंटची पोती तशीच परत गेली.

त्या दिवशी खोसियतला पाऊण तास कमी मिळाला. येताना ती बराच वेळ बोटं मोजत बसली. मग म्हणाली, "खड्डा बुजल्यापासून तीन महिने झाले. आठवड्याला तीन फेऱ्या, फेरीला चाळीस मिनिटं. पावसाचे दिवस सोडले तरी सहा वेळा होतात हो. सहा वेळा मी मशीनवर गेलेच नाही, असं झालं. आणि धूर घ्यायला काच मीच खाली करत होते."

"मीही करत होतो," मी म्हणालो.

आता कुणी म्हणेल, कोशकुप्रिकची कोंडी संपली का? नाही संपली. गाड्या वाढतच आहेत, वळणाला तिसरी लेन हवी आहे आणि मुयस्सरचे कागद अजून टेबलावर पडून आहेत. त्यासाठी आरडाओरडा करायला हवा. पण तो अवलियाकडे नव्हे, रस्ते विभागाकडे. इसिरिक घरी उंबऱ्यावर जाळा. खोसियतही जाळते, मला त्याचा वास आवडतो. पण रस्ता अडला की एकच करा. कठड्यावर कोण ओरडतोय ते बघू नका, गाडी कुठे आणि किती वेळ थांबते ते बघा. हातावरचं घड्याळ प्रत्येकाकडे असतं आणि ते कुणाचाही शिष्य नसतं.

पुढच्या मंगळवारी वळणाच्या तोंडाशी एक भाचा एकटाच उभा होता. डबा पेटलेला होता. तो आमच्या खिडकीशी वाकला. खोसियतने हँडल फिरवून काच वर केली आणि काचेआडून हात हलवत म्हणाली, "भाऊ, बाजूला हो. मागे लोक आहेत."

आठ वाजून वीस मिनिटांनी आम्ही दवाखान्यात होतो. नर्सने आश्चर्याने घड्याळाकडे पाहिलं. "आज ओतांनी लवकर सोडलं वाटतं?"

"नाही गं," खोसियत पलंगावर आडवी होत म्हणाली. "आज आम्ही थांबलोच नाही."