लाल दोऱ्यावर माझा विश्वास नाही

मी एक जुनी बॅटरी आहे, टॅक्सीतून काढलेली. थांबा मित्रांनो, जवळ येण्याआधी हात दाखवा. ओले नाहीत ना? बोटात अंगठी नाही ना? मग बसा, पण जरा लांबच.

तुम्ही म्हणाल, म्हातारी भलतीच संशयी आहे. आहेच मी. कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या बसवल्या, आम्ल भरलं आणि डोक्यावर दोन टोकं ठेवली, एक अधिक आणि एक उणे. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे मी रोज एका झटक्यात टॅक्सी सुरू करून देत होते, तेव्हा मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका थंड सकाळी इंजिन नुसतं कुरकुरलं आणि टॅक्सीवाला म्हणाला, "गेली ही." अहो, गेली काय? इंजिन फिरवण्याची ताकद गेली होती. लहानसहान कामापुरता जीव अजून होता, पण विचारतो कोण?

टॅक्सीवाल्याने मला घरी आणलं. त्याची वहिनी घरीच कपडे शिवते. त्याच्या वडिलांना, अण्णांना, दमा आहे. औषधाची वाफ देणारं एक छोटं यंत्र त्यांच्या उशाशी असतं. त्या घरातली वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि वीज गेली की यंत्र बंद, अण्णांचा जीव कासावीस.

"वहिनी, अण्णांचं यंत्र बॅटरीवरही चालतं, हिच्यावर चालेल," तो म्हणाला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांना वायरी गुंडाळून ते माझ्या टोकांना लावू लागला. मला तेव्हाच शंका आली. माझ्यातून एक वायू निघतो, त्याला पेटायला एक ठिणगी पुरते. चिमटा घसरला आणि ठिणगी उडालीच. त्या दिवशी नशीब बरं म्हणून निभावलं.

वहिनीने खिडकी उघडली. "काढा ते आधी, भाऊजी. आता मी बघते."

तिने हातातल्या बांगड्या उतरवल्या. तांब्याची पट्टी वाकवून टोकांभोवती दोन कड्या केल्या, त्यांना बोल्टने आवळलं, वर जाड रबर चढवलं. अधिकच्या वायरीत तिने एक फ्यूज बसवला, काचेच्या नळीत केसासारखी तार. हा किडकिडीत पाहुणा माझ्या दारात कशाला, हे मला कळेना. माझ्यावर पाळत ठेवायला आलाय, असंच मी धरून चालले.

आणि मग तिने लाल दोरा बांधला. शिवताना डाव्या-उजव्या बाहीची अदलाबदल होऊ नये म्हणून ती नेहमी डाव्या बाहीला लाल दोरा घालते. त्याच सवयीने डावीकडच्या कडीला तिने लाल दोरा बांधला. तेव्हा माझं अधिक टोक डावीकडेच होतं, म्हणून चाललं. पण बाई, मी बाही नाही, मला कुणीही फिरवून ठेवेल!

झालंही तसंच. टॅक्सीवाल्याने झाडायला कड्या काढल्या, मला उचललं आणि उलटं तोंड करून ठेवलं. सकाळी यंत्र चालवून मी दमले होते, म्हणून वहिनीने चार्जर आणला. सवयीने लाल कडी डावीकडे बसवली. माझं उणे टोक आता तिथे होतं. मी आतून तडफडत होते, पण मला तोंड कुठे आहे?

चार्जरची वायर जोडली आणि टच्च. फ्यूजची तार वितळली. बाकी कुणाला काही झालं नाही.

वहिनीने माझ्यावरची धूळ पुसली, अधिकची खूण पाहिली आणि जळका फ्यूज काढून हातात घेतला. "चार्जर जळला असता आणि संध्याकाळी वीज गेली असती, तर अण्णांना काय दिलं असतं मी?"

ज्या पाहुण्याचा मी राग राग केला, तोच आमच्यासाठी जळून गेला. मला फार वाईट वाटलं.

मग तिने कागदाची पट्टी घेऊन माझी मापं घेतली. "भाऊजी, ही दोन टोकं सारखी नाहीत. अधिकचं जाड आहे. इतकी वर्षं गाडी चालवता, दिसलं नाही?"

"मी रस्त्याकडे बघतो, वहिनी."

तिने नव्या कड्या मापाबरहुकूम केल्या. उणेची कडी जाड टोकावर जातच नाही. अधिकची बारीक टोकावर नुसती डुगडुगते. बटणांच्या डब्यातून दुसरा फ्यूज काढला आणि मला चार्ज केलं.

संध्याकाळी वीज गेली. अण्णा धापा टाकू लागले. यंत्र घरघरलं, वाफ आली, हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. "चालतेय अजून ही म्हातारी," ते म्हणाले. मला म्हणाले की वाफेच्या यंत्राला, याची मला अजून शंका आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर वापरा, पण तिच्यावर विश्वास टाकून मोकळे होऊ नका. माझ्यावरही नको. वहिनीला विचारा. ती दर वेळी आधी मुद्दाम उणेची कडी जाड टोकावर घालून पाहते. कडी बसली नाही की मगच तिला चैन पडते. आणि मलाही.