आधी माणूस, मग तारीख

यंत्र हरलं आणि मावशी जिंकली, तीही तब्बल बत्तीस मिनिटांनी. हृदयविभागाच्या मोठ्या डॉक्टरांना एका रुग्णाच्या ठोक्यांचे दोन वर्षांचे आलेख हवे होते. रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या मावशीनं गठ्ठा काढून दिला, तरी तिच्या भाचीच्या स्क्रीनवरचं चक्र आपलं फिरतंच आहे! हे सगळे आलेख क्लाउडवर न्यायला पोरगी सहा महिने राबली होती.

"शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही, तर ही व्यवस्था बंद," डॉक्टरांनी सुनावलं. "ऑपरेशन टेबलवरचा माणूस थांबत नाही."

"नेटवर्कच रडकं आहे," भाची स्टुलावर धपकन बसत म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं! तू मांडलंयस कसं, ते सांग आधी," मावशी म्हणाली.

"तारखेनं. रुग्णाच्या छातीवरच्या पट्टीतून दर मिनिटाला आलेखाचा एक तुकडा येतो. त्याच्या नावात आधी तारीख, मग वेळ, शेवटी रुग्णाचा नंबर."

मावशीनं कपाळावर हात मारला. "म्हणजे एका माणसासाठी रोजचा ढीग उपसायचा? अगं, कागद कधीचा हे नंतर, कोणाचा हे डॉक्टर आधी विचारतात! आणि सुट्या चिठ्ठ्या मी ठेवतच नाही. दिवस संपला की टाचून एक करते."

भाची ताडकन उठली. काखेत कळसा नि गावाला वळसा! स्वतःचा राग यावा की नाचावं, तिला कळेना. शेवटी ती नाचलीच.

पुढचे तीन दिवस तिला जेवणाची शुद्ध नव्हती. आता नावात आधी रुग्ण, मग वर्ष, मग दिवस. दिवसभराचे चौदाशे चाळीस तुकडे शिवून एकच मोठी फाईल. पूर्वी सगळे वॉर्ड आजच्या तारखेच्या एकाच ढिगावर तुटून पडायचे, ती झुंबडही पांगली.

शुक्रवारी डॉक्टर परीक्षा घ्यायला आलेच नाहीत, ते धावत आले. "एक बाई ऑपरेशन टेबलवर आहेत. असा ठोका त्यांचा पूर्वी चुकलाय का? हा त्यांचा नंबर, आत्ता सांगा!"

मावशी सवयीनं शिडीकडे धावली. भाचीनं नंबर टाकला. एक, दोन, तीन सेकंद, आणि दोन वर्षं स्क्रीनवर उलगडली.

"हा बघा, मागच्याच वर्षी! म्हणजे भुलीचं औषध बदलायला हवं," म्हणत डॉक्टर वळले आणि सुटले.

तासाभरानं त्यांचा फोन आला. बाई शुद्धीवर आल्या होत्या. भाचीला रडू आवरेना.

"आणि ते बंदबिंद करण्याचं विसरा," डॉक्टर म्हणाले.

मावशीनं तिच्या हातातून फोन हिसकावला. "बंद कसं कराल? मांडणी माझी आहे!"